पहिल्या ओळीतलं नाव

शाळेच्या पुस्तकात देशाची ओळख करून देणारा एक धडा असतो. इयत्ता बदलली की त्याचं नाव बदलतं, आतला ऐवज तोच. देश कुठं आहे, केवढा पसरला आहे, डोंगर कोणते, नद्या कोणत्या. मग लोक किती, त्यांत बायका किती, लिहितावाचता येणारे किती. मग कारभार कोण चालवतं. आणि शेवटी लोक पोट कशावर भरतात. हा धडा मी पस्तीस वर्षं शिकवला. पहिली काही वर्षं हौसेनं, मग सवयीनं, आणि शेवटची दहा-बारा वर्षं तर घड्याळाकडं बघत शिकवला, हे निवृत्त झाल्यावर कबूल करायला हरकत नाही. मुलं आकडे पाठ करायची, मी म्हणवून घ्यायची. एखादी चुणचुणीत पोरगी विचारायची, "बाई, एवढी माणसं कुणी मोजली?" मी म्हणायची, "सरकारनं." ती खाली बसायची. खरं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते वर्गात सांगण्यासारखं नव्हतं. एका गावापुरती ती माणसं माझ्या आईनं मोजली होती, आणि त्या मोजणीत एका माणसाची लबाडी मी केली होती.

आमचं गाव बेंबळीच्या पलीकडं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्या घराघरांत आम्ही फिरलो त्यांची नातवंडं अजून तिथं आहेत. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. आता पाट्यांवर धाराशिव आहे. आई त्या काळीही बोलताना धाराशिवच म्हणायची आणि कागदावर उस्मानाबाद लिहायची, आणि या दोन्हींत तिला कधी अडचण आली नाही. ती गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळेच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून आमच्या दोन पत्र्याच्या खोल्या होत्या. गिरणी चालू असली की मांडणीवरचे पेले थरथरायचे आणि आम्ही मायलेकी एकमेकींशी ओरडून बोलायचो. गिरणी थांबली की आवाज एकदम मोठे वाटायचे आणि मग आम्ही गप्पच बसायचो. घरात आम्ही दोघीच होतो.

सरकार म्हणजे काय हे मला पुस्तकाच्या आधी आईच्या पिशवीनं शिकवलं. खाकी कापडाची, एक बंद तुटून गाठ मारलेली ती पिशवी. कधी त्यात मतदारांच्या याद्या असायच्या, कधी गावातल्या गाई-म्हशींची मोजदाद, कधी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार झालेल्या बायकांची नावं, कारण शिक्षकांनी तशा 'केसेस' आणून द्यायच्या असा वरून हुकूम असायचा. या सगळ्यातून वेळ उरला तर आई शिकवायची. संध्याकाळी घरी आली की चपला न काढता उंबऱ्यावर बसायची आणि म्हणायची, "पाच मिनटं बोलू नको माझ्याशी." मी स्टोव्ह पेटवायची. कढत पाण्यात मीठ टाकून घमेलं तिच्या पायांशी ठेवायची. भाकरी, लसणाची चटणी, थंडीत हुलग्याचं माडगं, असं आमचं जेवण असायचं. जेवताना तिचा घास हातातच राहायचा आणि ती भिंतीकडं बघत बसायची. मला तेव्हा वाटायचं ती विचार करते आहे. आता माझ्याही हातात घास राहतो, तेव्हा कळतं की तिथं विचार नसतो, नुसता थकवा असतो.

भिंतीवर, ती बघायची तिथं, एका खिळ्याला आप्पांचा, माझ्या वडिलांचा, सदरा टांगलेला होता. आप्पा मुरूमला एका आडत दुकानात तोलारी करायचे, म्हणजे शेतकऱ्यांचं धान्य मापून द्यायचं काम. आधी ते दर शनिवारी यायचे. वर्तमानपत्राच्या कागदात शेव-चिवडा असायचा आणि त्यांच्या अंगाला तुरीच्या भुश्शाचा वास असायचा. मग ते महिन्यानं यायला लागले, मग पोळ्याला आणि दिवाळीला, आणि मग दोन दिवाळ्या तशाच गेल्या. "आप्पा मुरूमला असतात" हे वाक्य आमच्या घरात इतकं घासलेलं होतं की त्याचा अर्थ कुणी विचारत नव्हतं. बायका आईला म्हणायच्या, "कवा येत्यात मालक?" आई म्हणायची, "येतील की. आडतीवर लई काम हाय." दर दिवाळीच्या आधी ती तो सदरा धुवायची, वाळवायची आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावायची. मी तेरा वर्षांची होते. त्यांनी मुरूमला दुसरं घर केलं आहे हे मी आडावर बायकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि ऐकलंच नाही असं ठरवलं होतं.

त्या वर्षी जनगणनेचं काम आलं. तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आई परतली ती कागदांचा गठ्ठा आणि नियमांचं एक पुस्तक घेऊन. पहिलं काम गावाचा नजरी नकाशा काढायचं. ओढा कुठं, बेंबळीचा रस्ता कुठून येतो, मारुतीचं देऊळ, दोन आड, चिंचेची झाडं आणि मग एकेक घर. पक्कं घर असेल तर चौकोन काढायचा, कच्चं असेल तर त्रिकोण. गाव हिंडून आल्यावर कागदभर त्रिकोणच त्रिकोण झाले होते. आमच्या पत्र्याच्या खोल्या चौकोनात बसल्या याचा मला कोण अभिमान वाटला!  आई म्हणाली, "नदी-डोंगर सोप्पे असत्यात. ते कुठं जात न्हाईत." पुढं मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा नकाशाचा पाठ मी फळ्यावर न घेता मुलांना गल्लीत नेऊन घ्यायची. तेवढा एक पाठ मला कधी कंटाळा न येता शिकवता आला.

सुगीचे दिवस होते. ज्वारीच्या काढणीला सगळं गाव रानात असायचं, दिवसा दारांना कड्या. म्हणून आई शाळेच्या आधी आणि शाळेनंतर फिरायची आणि मी तिच्याबरोबर असायची. घरोघरी तिच्या पिशवीत काही ना काही पडायचं. हरभऱ्याचे ढाळे, मूठभर चिंचा, फडक्यात बांधलेला हुरडा. नको म्हटलं तर माणसं रुसायची. सरकारी फॉर्म मोजून दिलेले असायचे. त्यांवर खाडाखोड चालत नव्हती, घडी चालत नव्हती. त्यामुळं आई घरोघरची माहिती एका वहीत पेन्सिलीनं उतरवून घ्यायची आणि घरी आल्यावर मी ती पेनानं फॉर्मवर लिहायची. माझं अक्षर हुबेहूब तिच्यासारखं होतं, तिनंच ते घोटवून घेतलं होतं. हे नियमात बसत नव्हतं, पण तिचे डोळे संध्याकाळी दुखायचे आणि माझे दुखत नव्हते.

गयाबाईचं घर मला अजून आठवतं. आई वही मांडीवर घेऊन ओट्यावर बसली आणि विचारलं, "घरात थोरलं कोण? मालकाचं नाव सांगा."

गयाबाईनं पदर तोंडाला लावला. "आता ते कसं घ्यावं बाई? तुमाला ठावं हाय की."

"मला ठावं असून चालत न्हाय. घरातल्या माणसानं सांगावं लागतं."

"मग ह्या पोरीला इचारा. ए ठके, सांग बाईस्नी तुज्या बाचं नाव."

आणि नाकातोंडात शेंबूड आलेल्या पाच-सहा वर्षांच्या ठकीनं छाती पुढं काढून बापाचं नाव आख्खं, आजोबांसकट सांगितलं. गावातल्या निम्म्या घरांत हे असंच झालं. नवऱ्याचं नाव बायको घेत नसे. घरातलं लेकरू ते सांगायचं आणि आई लिहायची. ते माझ्या मनात कुठंतरी पक्कं बसत गेलं. बापाचं नाव लेकरानं सांगायचं असतं.

मग आईनं पुढचा रकाना विचारला. "तुमी काय काम करता?"

"मी व्हय? काय न्हाय. घरीच असते की."

"जवारी कुणी काढली?"

"आमीच."

"म्हशीचं कोण बघतं?"

"बया! ते काय काम हाय व्हय?" गयाबाई हसली. तिच्या हातांना ज्वारीच्या ताटांनी कापलेलं होतं. आईनं 'शेती' असं लिहिलं. पुढं जन्मभर अर्थव्यवस्थेचा तक्ता समोर आला, की त्यातल्या काम करणाऱ्या बायकांचा आकडा बघून मला वाटायचं, यातल्या किती जणींनी पदर तोंडाला लावून 'काय न्हाय' म्हटलं असेल, आणि समोरच्या मास्तरांना तेच लिहून मोकळं होणं सोयीचं वाटलं असेल.

नियमांत एक नियम होता ज्याच्यावरून आईची रोज कुणाशी तरी हुज्जत व्हायची. गणती वीस दिवस चालायची. त्या वीस दिवसांत जो माणूस एक दिवससुद्धा घरी नाही, त्याचं नाव त्या घरात लिहायचं नाही. तो जिथं असेल तिथं मोजला जाईल. आमच्या भागातली कितीतरी माणसं त्या दिवसांत ऊसतोडीला गेलेली असायची. पार्वतामावशी म्हणून एकटी म्हातारी होती. लेक-सून फडावर, नातवंडंही त्यांच्याबरोबर. तिनं आईचा हात धरला.

"माज्या नामाला लिवा की बाई. दोन म्हैन्यानं येनारच हाय त्यो."

"लिहिता येत न्हाय, मावशी. तो जिथं हाय तिथला मास्तर लिवंल."

"तितं त्याला कोन वळखतंय?"

"वळखायचं काय कारण न्हाय. दिसला की लिवायचं."

 म्हातारी म्हणाली, "मग सरकारला माजं घर मोकळंच दिसंल की वो."

आईनं लिहिलं, एक बाई, वय साठ. बाहेर आल्यावर ती चालायची थांबली, पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागंल. खोटं लिवलं तर दंड हाय, तुरुंग हाय. आन् माझी नोकरी हाय." मी काही विचारलं नव्हतं. तरी ती सांगत होती.

शेवटी सगळं गाव झालं आणि एक दिवस शाळेतून आले तर आई घरी नव्हती, पाण्याला गेली होती. वही चुलीजवळच्या फळीवर होती. मी नेहमीसारखी फॉर्म आणि पेन घेऊन बसले. उरलेल्या तीन-चार घरांत शेवटचं घर आमचं होतं. ते आईनं आदल्या दिवशी कधीतरी, मी नसताना लिहिलं होतं. पेन्सिल इतर पानांपेक्षा जोरात दाबलेली होती. पहिली ओळ: सिंधू, कुटुंबप्रमुख, स्त्री, वय चौतीस, विवाहित, नोकरी. दुसरी ओळ: कुंदा, मुलगी, वय तेरा, शिकते. खाली रेघ मारलेली.

आज साठीला पोचल्यावर त्या पानाकडं मी मनात बघते तेव्हा मला ते पान फार सरळ दिसतं. घर कोण चालवत होतं? भाडं कोण देत होतं, पायाला फोड येईस्तोवर कोण चालत होतं? जे होतं ते तिनं लिहिलं होतं, आणि दीडशे घरांत जो नियम लावला तोच आपल्या घराला लावला होता. पण तेरा वर्षांच्या मला ते पान चुकलेलं वाटलं. गावात ज्या ज्या घरात पहिल्या ओळीत बाई होती त्या सगळ्या विधवा होत्या. त्यांची पानं मीच लिहिली होती. मी खिळ्यावरच्या सदऱ्याकडं पाहिलं. मला रडू आलं आणि आईचा राग आला. एवढी कसली घाई होती तिला? उद्या आप्पा आले तर? त्यांनी विचारलं, माझं नाव कुठं आहे, तर?

मी नवा फॉर्म ओढला आणि लिहिलं. पहिली ओळ: व्यंकट, कुटुंबप्रमुख, पुरुष. आणि तिथंच पेन थांबलं. वयाचा रकाना होता आणि मला आप्पांचं वय माहीत नव्हतं. गावातल्या दीडशे घरांतल्या शेंबड्या पोरांची वयं मला पाठ होती, आणि माझ्या बापाचं वय मला माहीत नव्हतं. आईपेक्षा मोठे, एवढं ठाऊक होतं. मी बेचाळीस लिहिलं, कारण ते मला भारदस्त वाटलं. दुसरी ओळ: सिंधू, पत्नी. तिसरी: कुंदा, मुलगी. फॉर्म गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला. वहीतलं पान तसंच राहिलं. आई घागर घेऊन आली तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते आणि माझे कान गरम झाले होते. तिनं विचारलं, "झालं का लिवून?" मी म्हटलं, "झालं."

त्या रात्रीपासून मला जेवण गेलं नाही. दंड आहे, तुरुंग आहे, नोकरी आहे, हे तिचं बोलणं माझ्या डोक्यात फिरत राहिलं. अख्ख्या गावाला माहीत होतं की आप्पा दोन वर्षांत आलेले नाहीत. वरून कुणी तपासायला आलं आणि विचारलं, की बाई, दुसऱ्याला नियम सांगता आणि स्वतःच्या घरात हे काय, तर सही आईची होती. सांगून टाकावं असं दिवसातून दहा वेळा वाटायचं. पण सांगायचं म्हणजे आप्पांना पुन्हा खोडायचं, आणि ते माझ्या हातून होत नव्हतं.

गणती संपली की पाच दिवसांची एक उलट फेरी असते. मोजणी झाल्यापासून घरात कुणी जन्मलं का, कुणी वारलं का, एवढं विचारत मोजणाऱ्यानं पुन्हा प्रत्येक दाराशी जायचं. आई गेली. घर क्रमांकानं गेली आणि संध्याकाळी ऊन कलताना आमच्या दाराशी आली. मी उंबऱ्याच्या आत चिंचा फोडत बसले होते. गिरणी बंद होती. मला वाटलं ती आता बसेल, चपला घालूनच, आणि म्हणेल पाच मिनटं बोलू नको. ती बसली नाही. बाहेर उभी राहिली, पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली.

"घर नंबर एकशे अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.

"आई, काय गं हे?"

"इचारलं तेवढं सांग. मोजल्यापासून घरात कुणी जन्मलं?"

"न्हाय."

"कुणी वारलं?"

सदरा माझ्या पाठीमागं होता. "न्हाय," मी म्हटलं.

"कुणी आलं? कुणी गेलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"लिवलंय त्यात काही बदल?"

तिच्या चेहऱ्यावर धुळीचा थर होता आणि कुंकू घामानं कपाळभर पसरलं होतं. ती माझ्याकडं तशीच बघत होती, जशी गयाबाईकडं, पार्वतामावशीकडं बघायची, काही न सुचवता. तिनं फॉर्म पाहिला आहे का हे मला त्या चेहऱ्यावरून कळेना. माझ्या बोटांना चिंचेचा चिकटा होता. मी म्हटलं, "न्हाय. काही बदल न्हाय."

"बरं," आई म्हणाली. वहीत एक खूण केली, आत आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "पाच मिनटं बोलू नको माझ्याशी."

दुसऱ्या दिवशी तिनं गोषवारा केला, म्हणजे पुरुष किती, स्त्रिया किती याची बेरीज. ती वहीवरून बोट फिरवत मोजत गेली आणि मग फॉर्मवरून मोजत गेली. तिचं बोट थांबलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी कोपऱ्यातून बघत होते. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर ती म्हणाली, "जरा प्यायला पाणी आण." मी रांजणातून तांब्या भरून आणला, तोवर पेनानं आकडा लिहून झाला होता. त्यापुढच्या सकाळी ती एसटीनं तालुक्याला गेली आणि गठ्ठा जमा करून आली. कुणी तपासायला आलं नाही. कुणी काही विचारलं नाही. त्या दिवाळीला आईनं खिळ्यावरचा सदरा धुतला नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई गल्लीत आली तेव्हा तो तिला दिला, आणि त्याचं एक लहानसं पातेलं आलं. त्या पातेल्यात आम्ही वर्षानुवर्षं चहा केला.

आप्पा वारल्याचा निरोप आला तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. आई म्हणाली, "तू जाऊन ये. मला शाळा हाय." मी एकटी मुरूमला गेले. नीलाबाई, म्हणजे त्यांचं ते दुसरं घर, दाराशी बसली होती. मला वाटलं होतं मी तिच्याशी बोलणार नाही. पण ती बारीक, दमलेली, निम्मं कानडी बोलणारी बाई होती. तिनं मला "बस अव्वा" म्हटलं आणि चहा दिला. बोलता बोलता तीच म्हणाली, "तुज्या बाला हितं घर कवा वाटलंच न्हाय बग. येकदा गनतीचं मास्तर आलंवतं. म्या हेंचं नाव सांगाय लागले, तर हेच म्हनले, मला हितं लिवू नगा, माजं नाव बेंबळीकडं लागलं असंल. मग मास्तरनी माजंच नाव वर घातलं. म्या म्हनलं, सरकारातबी म्या येकलीच."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. म्हणजे देशाची बेरीज बरोबर आली होती. मुरूमला गळलेला माणूस मी आमच्या घरात धरला होता. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि मला मात्र संताप आला. किती निर्धास्त होता तो माणूस! दोन वर्षं ज्या घरात पाऊल टाकलं नाही तिथं आपलं नाव लागलेलंच असणार, कुणीतरी बाई ते लिहीलच, याची त्याला खात्री होती. आणि ती बाई मी निघाले. नीलाबाईला पहिली ओळ नको होती, ती तिच्या गळ्यात पडली. माझ्या आईनं ती कमावली होती, आपल्या हातानं पेन्सिल दाबून लिहिली होती, आणि मी तिला एक ओळ खाली ढकललं होतं. नीलाबाईचं बोलणं मी आईला सांगितलं नाही. माझ्या लबाडीबद्दलही कधी सांगितलं नाही. माफी मागायची तर आधी तिला माहीत आहे का ते विचारावं लागलं असतं, आणि ते धाडस मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांत झालं नाही.

आता आई ऐंशीला टेकली आहे. माझे मालक गेले, मुलगा नोकरीसाठी लांब, म्हणून धाराशिवच्या घरात पुन्हा आम्ही दोघीच आहोत. ती खाटेवर असते. मी भाजी निवडते, औषधं देते, दुपारी पाठीला उशी लावून तिला बसवते. एकमेकींशी ओरडून बोलतो, गिरणी नसली तरी, कारण तिला ऐकू कमी येतं. परवा दुपारी एक तरुण शिक्षिका दाराशी आली. कसली तरी माहिती भरून घेत होती, हातात मोबाइल, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर तो थकवा जो मी दारातूनच ओळखला. मी तिला आत बसवून पाणी दिलं. घर पक्कं का, पाणी कुठलं, संडास आहे का, असं करत ती विचारत गेली आणि मग म्हणाली, "कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"सिंधू," मी म्हटलं.

तिनं मोबाइलवर ते टाकलं. खाटेवरून आवाज आला, "काय म्हनलीस?"

मी जोरात सांगितलं. आई म्हणाली, "मी कशाची प्रमुख? दोन वर्सं झाली, उंबरा वलांडला न्हाय. तुजं घाल."

शिक्षिकेनं माझ्याकडं पाहिलं. "बदलू का मावशी? अजून पुढं पाठवलेलं नाही."

"नको," मी म्हटलं. "काही बदल नाही."

 आई पत्र्याकडं बघावं तशी छताकडं बघत होती.  मग ती सावकाश म्हणाली, "आन् माजं वय बरोबर सांग. तवा त्येंचं चुकवलंवतंस. बेचाळीस लिवलंस. अडतीस होतं."

मोबाइलवरचं बोट थांबवून शिक्षिकेनं विचारलं, "कुणाचं वय, आजी?"

"कुणाचं न्हाय," आई म्हणाली. "तू लिव."